सहीपुरती जागा

अनुजा परबचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे तिच्याबद्दल मी काही चांगलं लिहिलं, तर ते शेजारधर्म म्हणून लिहिलं असं कुणाला वाटायला नको.

तिच्याबरोबर कुठे जायची सोय नाही. हॉटेलात बसलो की वेटर पाणी ठेवून उभा, आणि ही मेनूकार्ड उलटसुलट करतेय. "मावशी, ह्यात मिसळ शोधून दाखव. पदार्थ ह्या टोकाला, भाव त्या टोकाला. मधून नजर चालत जाते ती शेजारच्या घरात शिरते." अगं, मिसळच हवी ना, मग सांग त्याला मिसळ! पण नाही. हिंदमाताला साडी घ्यायला गेलो तर मी पदर बघतेय आणि ही दुकानाची पावती उजेडात धरून बघतेय. दवाखान्यातला फीचा बोर्ड, चाळीच्या जिन्यातली पाण्याची नोटीस, लग्नाच्या हॉलचे नियम, कागद दिसला की हिची मान वाकडी झालीच. बसली तर गुडघा हलतो, उभी राहिली तर हातातलं पेन टकटक करतं. चपला तिला वेळेवर सापडत नाहीत. अर्ध्या लालबागमधून ती अनवाणी पळालेली आहे.

एकदा दादरहून तिला बघायला मंडळी आली होती. मुलगा बरा होता, नोकरी पक्की होती. हिने पोहे आणून ठेवले, खाली मान घालून बसली, आम्ही मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात मुलाच्या आईने त्याचा छापील बायोडेटा पुढे केला. झालं. हिने केसातलं पेन काढलं. हो, पेन केसातच असतं तिच्या. "हा कोणी केला? जन्मवेळ नोकरीपेक्षा मोठी दिसतेय. आणि मामांची नावं एकमेकांना अशी चिकटलीयत की मामा नक्की किती तेच कळत नाही."

"दोन," मुलाची आई म्हणाली.

"मला चार वाटले."

मंडळी गेली ती गेलीच. हिने मात्र बायोडेटा नीट करून त्यांच्या फोनवर पाठवला, आणि तो दाखवून त्या मुलाचं लग्न पुढच्याच मोसमात जमलं. पत्रिका आम्हाला आली होती. तिच्या आईने ती वाचली नाही, सरळ पिठाच्या डब्याखाली घातली.

ही आई म्हणजे अंबिकावहिनी. मी त्यांची शेजारीण, राधा. पूर्वी बालवाडी चालवायचे, आता वहिनींच्या पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. अनुजाला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून बघतेय, त्यामुळे रागवायचा हक्क माझा आहे.

तिची ही खोड रक्तातून आली. तिचे वडील कुशाबाभाऊ पेंटर होते. घरं रंगवणारे नव्हेत, अक्षरं काढणारे. फ्लेक्स यायच्या आधीची गोष्ट. दुकानांच्या पाट्या, मंडळांचे कापडी फलक, नाटकाचे बोर्ड, सगळं त्यांच्या हातचं. आणि आमच्या भागात अक्षराचा आकार म्हणजे मान. मंडळाच्या अध्यक्षाचं नाव वीतभर, कार्याध्यक्षाचं त्याहून बोटभर कमी, सेक्रेटरीचं चार बोटं, खजिनदार त्याच्या खाली. जरा इकडचं तिकडे झालं की माणसं फुगून बसायची. एका मंडळाचे सल्लागार तर टेप घेऊन आले होते आणि आपल्या नावाची उंची मोजून गेले होते. कुशाबाभाऊ कोणाशी वाद घालत नसत. ब्रश धुवायचे आणि म्हणायचे, "बोला, किती वाढवू?"

त्यांची एक रीत होती. सगळी अक्षरं आधी काढायचे, वरच्या रेघेशिवाय. फलकावर नुसती बोडकी अक्षरं लटकलेली असायची. मग लांब केसांचा ब्रश भरून घ्यायचे, श्वास धरायचे आणि डावीकडून उजवीकडे एकच शिरोरेघ ओढत न्यायचे. त्या वेळी कोणी बोलायला गेलं तर न बघता डावा हात वर करायचे. गल्ली गप्प व्हायची. लहानपणी घरभर माकडासारखी नाचणारी अनुजा तेवढाच वेळ एका जागी बसायची.

फ्लेक्स आला आणि कुशाबाभाऊंचं काम गेलं. घरात चूल पेटायला हवी म्हणून अंबिकावहिनींनी तळमजल्याच्या खोलीत पोळीभाजी सुरू केली. सातेरी महिला पोळीभाजी केंद्र. आम्ही चाळीतल्या बायका एकेक करून जमलो. केंद्राची पाटी कुशाबाभाऊंनी काढली, ती त्यांची शेवटची मोठी पाटी. बघायला सगळी गल्ली आली आणि सगळी गल्ली हसली. कारण 'पोळीभाजी' ही अक्षरं होती बेताची, आणि त्याखाली 'संचालिका अंबिका परब' हे चांगलं अध्यक्षाच्या मापाचं, वीतभर, लाल रंगात, काळी सावली देऊन.

"अरे कुशाबा, गिऱ्हाइकाला पोळी हवी की तुझी बायको?" असं कोणीतरी विचारलंच.

"भूक लागलेला वासावर येईल," ते म्हणाले. "नाव मात्र वाचावं लागतं."

वहिनी मालवणकडच्या एका वाडीतल्या. शाळा दुसरीपर्यंत, तीही घरात गुरं नसली तर. रेशनकार्डावर, लाइटबिलावर, खोलीच्या पावतीवर नाव आधी सासऱ्याचं आणि मग नवऱ्याचं. आपलं नाव एवढं मोठं त्यांनी पहिल्यांदा त्या पाटीवर पाहिलं. आणि त्याच पाटीवरून त्या लिहायला शिकल्या. मी बालवाडीची बाई, मी त्यांना झरझर करायची सही शिकवत होते, शेवटी एक झोकदार फरकाटा वगैरे. ऐकेनात. "ह्यांनी काढलंय तसंच काढणार." आधी अक्षरं बोडकी, अंतर राखून, आणि मग हळूहळू वरची रेघ. बँकेत त्यांच्यामागे रांग लागते आणि लोक चुकचुकतात. कुशाबाभाऊ गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पाटी आहे, अजून रंग धरून आहे.

अनुजा कमर्शियल आर्ट शिकली आणि लोअर परळच्या एका ऑफिसात लागली. मोठ्या कंपन्यांचे कागद तिथे तयार होत. विमा, कर्ज, वार्षिक अहवाल, ग्राहकाला द्यायची माहितीपत्रकं. अक्षर केवढं, दोन ओळींत जागा किती, पान उघडल्यावर डोळा आधी कुठे टेकतो, असलं सगळं ती घरी येऊन आम्हाला पीठ मळताना सांगायची. आम्ही हूं हूं करायचो. पगार चांगला होता, वहिनी खूष होत्या. मग एकदा तिच्या साहेबाने एक कागद पुढे टाकला आणि म्हणाला, ह्या खालच्या अटी जरा बारीक कर, करड्या रंगात टाक, एकमेकांजवळ घे. हिने विचारलं, "अशाने कोण वाचणार?" तो हसला. कोणी वाचू नये म्हणूनच तर.

हिने नोकरी सोडली. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला, मीही मारला. एवढ्या तेवढ्या कारणावरून कोणी लागलेली नोकरी सोडतं का? केंद्राशेजारच्या खोपटात हिने कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडला आणि बाहेर लिहिलं, 'कागद नीट करून मिळतील'. लोक आधारकार्डाची झेरॉक्स काढायला येऊ लागले. कधीमधी एखादा दुकानदार कोटेशन करून न्यायचा, एखादा कंत्राटदार बिलाचा नमुना. ही त्यांच्याशी भांडायची. सगळंच ठळक करा म्हणाला की ही म्हणायची, मग ठळक कशाच्या मानाने? गिऱ्हाईक वैतागून जायचं आणि हिचं पेन टकटक करत राहायचं.

आता खरी गोष्ट. केंद्र बुडायला आलं होतं. आसपासची ऑफिसं फोनवरून जेवण मागवायला लागली, जुनी गिऱ्हाइकं निवृत्त झाली किंवा बदलापूरला राहायला गेली. आमच्यातल्या दोघीजणी दुसरीकडे लागल्या. वहिनींनी एका सकाळी कणीक मळता मळताच सांगितलं, की दिवाळीपर्यंत मोठी ऑर्डर आली नाही तर शटर खाली. आम्ही बायका म्हणजे कोणी विधवा, कोणाचा नवरा घरी बसलेला. माझं तर केंद्र हेच घर. त्या दिवशी माझ्या पोळ्या एकीकडून जाड आणि एकीकडून पातळ झाल्या.

तेवढ्यात बातमी आली. एका सहकारी बँकेचं मुख्य कार्यालय परळच्या नव्या इमारतीत आलं होतं आणि तिथल्या माणसांच्या दुपारच्या जेवणासाठी प्रस्ताव मागवले होते. आमचा प्रस्ताव तयारच होता, तोच आम्ही सगळीकडे देत असू. दोन ठिकाणी दिला होता, उत्तर आलं नव्हतं. तरी तो फार सुंदर आहे असं आमचं मत होतं. वर गणपती. चारी बाजूंनी वेलबुट्टी. मग वहिनींचं नाव पाटीसारखंच मोठं, खाली आम्हा बायकांची नावं वयाप्रमाणे लहान होत गेलेली, सल्लागार म्हणून नगरसेवकाच्या मेहुण्याचं नाव, मग 'सप्रेम नमस्कार', मग केंद्राचा इतिहास. तो मी लिहिला होता. 'अन्नपूर्णेचा वसा घेतलेल्या आम्ही भगिनी' हे वाक्य माझं आहे. जेवण काय देणार हे शेवटच्या पानावर होतं, आणि फोन नंबर खालच्या कोपऱ्यातल्या फुलात.

अनुजाने तो कागद पाहिला आणि तिला बसवेना. मला दारात उभी केली, खांद्याला पिशवी अडकवली. "मावशी, समज तू बँकेतला साहेब आहेस. फोन वाजतोय, कोणीतरी हाक मारतंय, हा कागद आत्ताच हातात पडलाय. बघ." मी बघायला लागले तोच तिने तो हिसकावून घेतला. "काय लक्षात राहिलं?"

"गणपती," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद आणला. एकच पान. वेलबुट्टी नाही. वरच्या ओळीत एवढंच, 'आपल्या कार्यालयासाठी रोज दुपारी घरचं गरम जेवण'. तेवढंच ठळक. खाली वारांप्रमाणे काय देणार ते, एकाखाली एक. जेवण किती वाजता पोचेल. फोन नंबर, लांबूनही दिसेल असा. ओळी एकमेकींपासून सुट्या, कारण आमच्या जुन्या कागदात म्हणे खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला ढुशी मारत होती. मला चष्मा शोधावा लागला नाही, हे कबूल करते. माझा इतिहास तिने दोन ओळींत आणला होता आणि अन्नपूर्णेचा वसा गेला होता. मी तिच्याशी बोलले नाही.

पण मी रुसून काय होणार? वहिनींनी कागद हातात घेतला आणि बोट लावत वरून खाली वाचत गेल्या. फार वेळ लागला नाही त्यांना, मी पाहत होते. वाचून झालं तरी बोट फिरतच राहिलं. मग अगदी तळाशी थांबलं. तिथे बारीक अक्षरात होतं, 'संचालिका : अंबिका परब'.

वहिनी चिडल्या की मालवणीत बोलतात. "माझा नाव खंय आसा ह्यात?"

"आहे की आई, खाली."

"ह्या माझा? माका वाटला मुंगी चिरडली."

"आई, त्या माणसाला आधी जेवण कळायला हवं..."

"तुझ्या बापाशीन माझा नाव केवढा काढलेलान, ता बघतंस मा रोज?" वहिनींनी कागद पोळपाटाच्या बाजूला ठेवला. "मी सही करूचंय नाय."

झालं. प्रस्ताव द्यायची मुदत संपत आलेली आणि इथे आई-मुलीची जुंपलेली. सही वहिनींचीच लागणार, दुसऱ्या कोणाची चालणार नाही. बायकांत तट पडले. एक म्हणे नाव मोठं करा, काय बिघडतं? दुसरी म्हणे, साहेब वाचेल असं करा. अनुजा प्रिंटरला चिकटली. नाव जरा मोठं केलं, भिंतीला कागद लावला, लांब जाऊन पाहिला, फाडला. नाव वर नेलं, पाहिला, फाडला. नाव मोठं केलं की जेवण मागे पडायचं, दोन्ही मोठी केली की एकही दिसायचं नाही. खोपट कागदाच्या बोळ्यांनी भरलं. तिने दोन वेळा चहा उतू घालवला, एकदा माझाच चष्मा लावून निघून गेली. आणि तिचं बघून आम्हाला कोणालाच स्वस्थता नाही. पोळी करपतेय, भाजीत मीठ दोनदा पडतंय, कोण कोणावर खेकसतंय. मी तर सारखी रस्त्यावर जाऊन उगाच परत येत होते.

शेवटी ती केंद्रात येऊन ओरडलीच. "आई, भुकेल्या माणसाला तुझं नाव नको असतं! जेवण हवं असतं!"

मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. वहिनींनी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून डबे पुसायला लागल्या. पुसलेले डबेच पुन्हा पुसत होत्या. अनुजा दारात उभी होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, जणू स्वतःच्या जिभेला चटका बसलाय. पण शब्द गेला तो गेला.

तेवढ्यात कुरियरवाला आला. डब्यांची झाकणं मागवली होती, ती घेऊन. त्याने फोन पुढे केला आणि पडद्यावरच्या चौकोनात बोटाने सही करायला सांगितलं. चौकोन तो केवढा, बिस्किटाएवढा. वहिनींनी हात पुसले आणि बोट टेकवलं. अ काढला, वर टिंब दिलं, पुढचं अक्षर सुरू केलं आणि चौकोन संपला. त्यांनी परत केलं. परत संपला.

"मावशी, कायपण करा ना, नुसती रेघ मारा, चालतंय," तो म्हणाला. पोरगा वाईट नव्हता, त्याला पुढे जायचं होतं.

वहिनींनी नुसती रेघ मारली. मग पदर सारखा केला, जसं काही कोणी पाहिलंच नाही. असं त्यांचं नेहमीच व्हायचं, पोस्टात, गॅसच्या पावतीवर, शाळेच्या फॉर्मवरसुद्धा व्हायचं, अनुजा लहान असल्यापासून. आम्हाला सवय झाली होती. अनुजालाही झाली असावी. पण त्या दिवशी ती त्या फोनकडे बघत राहिली आणि मग एकदम पळाली. चपला माझ्यासमोर पडल्या होत्या.

दिवेलागणीला ती परत आली ती कागद घेऊनच. तोच कागद होता. वर जेवण, खाली वार, वेळ, नंबर. पण तिने मजकूर आणखी कमी केला होता. माझ्या दोन ओळींची एक झाली होती, आणि मी त्या वेळी काही बोलले नाही हे माझं मोठेपण. पानाचा खालचा भाग सगळा रिकामा. नुसता पांढरा. त्याच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात संचालिका.

वहिनींनी कागद घेतला नाही, लांबूनच पाहिला. "ही जागा रिकामी कित्याक?"

"तुझ्या सहीला."

"एवढी?"

"बाबांच्या पाटीवर मापून आले," अनुजा म्हणाली. "तेवढं इथे मावणार नाही. पण मी छापलेल्या कुठल्याही अक्षरापेक्षा मोठं मावेल. तू काढ. मी काढलं तर ते टायटल होतं, तू काढलंस तर सही."

वहिनींनी कागद जवळ ओढला. मग उठल्या, साबण लावून हात धुतले, पुसले, पाट ओढून घेतला. मी पेन दिलं तर म्हणाल्या, हे बारीक आहे. डब्यांवर नावं घालायचं जाड स्केचपेन घेतलं. एकेक अक्षर, अंतर राखून, बोडकं. कोणी शिट्टी लावलेला कुकर खाली उतरवला. मग त्यांनी पेन डाव्या टोकाला टेकवलं, श्वास धरला आणि रेघ ओढत नेली. अनुजा पिठाच्या डब्यावर बसली होती. गुडघा हलत नव्हता.

रेघ पुरी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुझ्या बापाशीची सरळ यायची." आणि मला दिसलं की रडतेय ती अनुजा.

कागद तिने स्वतः नेऊन दिला. मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते त्याहून वाईट. कागदावरचा मोठा नंबर वहिनींचाच होता, त्यामुळे फोन कणकेच्या परातीशेजारी. विमावाल्याचा वाजला तरी सगळ्या दचकायच्या. अनुजा दर थोड्या वेळाने यायची, "आला?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत जायची. दिवाळीचे कंदील भारतमाता टॉकीजच्या बाजूला लटकायला लागले. मी दोनदा बोलले की गणपती ठेवायला हवा होता.

फोन आला तो ऐन गर्दीत. वहिनींचे हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर लावला. बँकेतला उन्मेष म्हणून अधिकारी होता, आवाजावरून तरुण. "अंबिका परब बोलताय का? तुमचा प्रस्ताव वाचला. नमुन्याचं जेवण पाठवाल?" वाचला म्हणाला! मिळाला नाही, पाहिला नाही, वाचला म्हणाला. अनुजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिने तो एकच शब्द पकडला असणार.

जेवण गेलं. तिखट जरा कमी करा, एवढा निरोप आला. वहिनींनी तोंड वाकडं केलं, कारण त्यांच्या मसाल्याला आजवर कोणी हात लावलेला नाही. पण कमी केलं. पुन्हा गेलं, पसंत पडलं. आणि एका दुपारी तो उन्मेष स्वतःच करार घेऊन केंद्रात आला. पाटीखाली उभं राहून त्याने वर पाहिलं आणि हसला. "सही इथूनच आलीय होय?"

आम्ही त्याला स्टूल दिलं, सरबत दिलं. त्याने करार काढला, शेवटचं पान उघडलं आणि खाली बोट ठेवलं. "काकू, इथे." पान अक्षरांनी गच्च भरलेलं होतं आणि तळाशी सहीचा चौकोन होता. तो कुरियरवाल्याच्या चौकोनाहून जरासाच मोठा.

वहिनींनी पेन हातात घेतलं. चौकोनाकडे पाहिलं. दिवाळी, शटर, सगळं त्या चौकोनावर होतं. मारा हो वहिनी, नुसती रेघ मारा, मी मनात म्हणत होते. वहिनींनी पेन खाली ठेवलं.

"ह्येच्यात माझा नाव मावना नाय."

"काकू, अहो, फॉर्म ठरलेला असतो आमचा."

"मसाला पण ठरलेला असतो आमचा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठी कमी केला ना?"

उन्मेषने सरबताचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता हा उठतो आणि कागद घेऊन चालू लागतो. त्याने खिशातून फोन काढला, बाहेर जाऊन कोणाशी तरी बोलला, परत आला. "चालेल म्हणाले. मागची बाजू कोरी आहे. चौकोनात 'सही मागे' असं लिहू, मी बाजूला सही करतो."

अनुजाने पान उलटून पाटावर ठेवलं. वहिनींनी हात धुतले, स्केचपेन घेतलं. एकेक अक्षर, अंतर राखून. अक्षरं झाली तसं उन्मेषला वाटलं की संपलं. तो पुढे वाकून "थँक यू, काकू" असं काहीतरी म्हणायला गेला.

अनुजाने त्याच्याकडे न बघता डावा हात वर केला. रेघ अजून ओढायची होती.